पातळ जिवाची वाकळ

१० नोव्हेंबर, सोमवार

दुकान उघडलं. गिऱ्हाईक एकही नाही, पेढे मात्र संपले.

घरी आम्ही दखनी बोलतो, पण ही डायरी मराठीत लिहिणार. एक तर माझी सगळी शाळा मराठीत झाली, आणि दुसरं म्हणजे अम्मीला माझं मराठी अक्षर लागत नाही. म्हणजे उशीखाली लपवायला नको.

दुकान म्हणजे आमच्याच घराची रस्त्याकडची खोली. अब्बांचे माग चालू होते तेव्हा इथे सुताची पोती असायची. माग गेले, पोती गेली, आता इथे काचेचं एक टेबल, एक दिवा, चिमटे, स्क्रूड्रायव्हर आणि मी. काम एकच घ्यायचं ठरवलंय. हळू झालेले पातळ लॅपटॉप पळवून द्यायचे. त्यांच्यात पहिल्यापासून बसवलेली एसएसडी बहुतेक वेळा मंद असते. ती काढून जलद जातीची बसवली की तोच लॅपटॉप वेगळा वाटतो. सगळी साठवण माझ्या मधल्या बोटाएवढ्या पट्टीत.

अब्बांनी ती पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"यात फिरतं काय?"

"काहीच नाही."

"मग चालतं काय?"

जन्मभर खडखडाट ऐकलेल्या माणसाला हे कसं समजवायचं? त्यांच्या मते आवाज न करणारं यंत्र म्हणजे बंद यंत्र.

त्यांना सांगितलं होतं, साधा फ्लेक्स छापून आणा, उद्या काढायची वेळ आली तर सोपं जाईल. आणला काय, तर लोखंडी बोर्ड. भिंतीत बोल्ट मारून बसवला. म्हणाले, फ्लेक्सवाला बंद होता. मी दुपारी तिकडूनच आले, चांगला उघडा होता. वय झालं की माणसाला समोरचं दिसत नाही.

काढायची वेळ येईल असं मी का म्हणाले, तेही लिहून ठेवते. आसिफभाईने, माझ्या थोरल्या भावाने, पुण्यात एका मोठ्या दुरुस्ती केंद्रात माझ्यासाठी नोकरी बघून ठेवली आहे. एक जानेवारीला हजर व्हायचं. तोवर दुकान चालवून बघ, म्हणाला. अब्बा फोनवर त्याला म्हणत होते, "जाईल की, का नाही जाणार? पुणं ते पुणं." मला घालवायची एवढी घाई झाली आहे त्यांना.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिलं खरं काम आलं आणि तेही मनासारखं.

दीपमाला नावाची मुलगी. माहेर बुधगावचं, म्हणजे आमच्या शेजारच्याच गावचं, आणि दिली आहे कडेगावला. नवरा वीरधवल फौजेत, तिकडे वर बर्फात कुठेतरी. ही सासरी बसून लग्नाच्या फिल्म्स जोडायला शिकली. शूटिंग दुसरा कुणी करतो, ही कापते, जोडते, गाणी घालते. पहिलीच फिल्म मिळाली आहे, शेजारच्या आप्पासोंच्या मुलीच्या लग्नाची. मुलगी मांडवपरतणीला माहेरी येईल तेव्हा सगळ्या भावकीसमोर दाखवायची. आणि लॅपटॉप असा की प्रत्येक गोष्टीला उसासा टाकतो.

लॅपटॉप मात्र देखणा. वीरधवलने मागच्या सुट्टीत आणलेला, पोळीसारखा पातळ. पिशवीतून काढला तर वाकळीत गुंडाळलेला. एवढुशी वाकळ, बाळाला करतात तशी, पण नीट लॅपटॉपच्या मापाची. टाके इतके बारीक की मी आधी ती बघत बसले. निळ्या लुगड्याचा कपडा, मध्ये लहान मुलाच्या शर्टांचे तुकडे, एकावर फुगा, एकावर मोटार.

"आमच्या आत्यांनी शिवली," दीपमाला म्हणाली. आत्या म्हणजे सासूबाई, बनुबाई. "हेंचे लहानपणीचे शर्ट हायत त्ये. आत्या म्हणत्यात, एवढा पातळ जीव, थंडीत कसा निभायचा?"

आम्ही दोघी पोट धरून हसलो.

मी वाकळीची घडी करून माझ्या स्टुलावर ठेवली आणि वर बसले. सकाळी ते लोखंडी स्टूल बर्फासारखं असतं. पाच मिनिटांत असं गरम झालं की उठवेना. काय ऊब आहे त्या वाकळीला! अम्मीकडून अशी एक शिवून घ्यायला हवी.

नवी एसएसडी बसवली, सगळं सामान तिच्यावर उतरवलं, फिल्म लावली. लॅपटॉप असा पळाला की दीपमालाने टेबलावर थाप मारली. मीही उगाच कॉलर ताठ करून घेतली, कॉलर नसताना.

अब्बा लॅपटॉपला कान लावून उभे होते. म्हणाले, "काही ऐकू येत नाही. झालं वाटतं."

१९ नोव्हेंबर, बुधवार

दीपमालाचा फोन. पळतो, पण थोडा वेळच. जोडलेली फिल्म एका फाइलीत बाहेर काढायला लावली की आधी वाऱ्यासारखा जातो आणि मग रुतलेल्या गाडीसारखा बसतो. रात्रभर ठेवला तरी निम्मं होत नाही.

मी म्हटलं, घेऊन ये. आवाज शांत ठेवला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लॅपटॉप आला, वाकळीतून. उघडला, काचेच्या टेबलावर ठेवला, दुपारभर तेच काम दिलं. एकदाही अडखळला नाही. ताप मोजला, ठीक. मी अक्षरशः त्याला विनवत होते, बाबा रे, एकदा तरी अडक.

दीपमाला खाली मान घालून बसली होती. तिला वाटलं, मी तिला खोटी समजते. मला वाटलं, ती मला अडाणी समजते. दोघी एकमेकींना सॉरी म्हणत बसलो आणि अम्मीने चहा पाठवला.

शेवटी मनाला बरं वाटावं म्हणून एसएसडी बदलली. दुसरी, त्याहून भारी. चार्जरही माझ्याकडचा दिला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दोन दुसरी कामं झाली, दोन्ही झकास. एक शाळेच्या बाईंचा लॅपटॉप, एक इथल्याच कापडवाल्याचा. कापडवाला म्हणाला, "तुझे अब्बा चौकात म्हणत होते, पोरीच्या हाताला गुण आहे." अब्बा असं म्हणणं शक्य नाही, दुसऱ्या कुणाचे असतील.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा तेच. दुसरी एसएसडी, दुसरा चार्जर, आणि घरी गेला की तेच रडगाणं.

फोनवर मी एकेक विचारत गेले. विजेचा दाब कमी-जास्त होतो का? नाही, पंखा नीट चालतो. उन्हात ठेवता? नाही. गादीवर, पलंगावर ठेवून काम करतेस? हे मी दोनदा विचारलं, कारण पातळ लॅपटॉपला मऊ जागा चालत नाही, त्याचा श्वास खालूनच असतो.

"छ्या, गादीवर कशाला? चांगला टेबलावर असतोय. मामांनी खास टेबल आणलंय," ती म्हणाली. मामा म्हणजे सासरे, लालासाहेब.

मग राहिलं काय? मीच राहिले. दोष माझ्याच हातात आहे आणि मला तो दिसत नाही. दुसऱ्यांचे पळतात ते नशिबाने पळत असतील.

आज रागाच्या भरात ठरवून टाकलं. दीपमालाच्या लॅपटॉपचं दुखणं सापडलं तर दुकान राहील. नाही सापडलं तर बोर्ड उतरवून पुण्याला जायचं आणि कुणा शहाण्याच्या हाताखाली पुन्हा पहिल्यापासून शिकायचं. ज्याला पहिल्या रोग्याचा रोग कळत नाही त्याने दवाखाना उघडू नये.

अब्बांना सांगितलं. ते उठले. जाऊन बोर्डाचे बोल्ट बघून आले. मला वाटलं सैल करायला गेले, तर ग्रीस लावून आणखी आवळून आले. गंजू नये म्हणून, म्हणाले.

४ डिसेंबर, गुरुवार

दीपमालाचा निरोप, रविवारी पोरगी मांडवपरतणीला येते आहे. फिल्म निम्मीच झाली आहे. सासरे म्हणतात, लॅपटॉप बदलून आणा. सासूबाई म्हणतात, अजिबात नाही, आमचा आहे तोच राहील.

"झोया, तूच ये ना बघायला," असं लिहिलंय शेवटी.

लॅपटॉपच्या घरी जायचं माझ्या डोक्यात कसं आलं नाही? शनिवारी जाणार. अब्बा म्हणाले, त्यांचंही विट्याला एका मागवाल्याकडे काम आहे, ते बरोबर येतील. त्यांचं तिथं कुणाशीही काम राहिलेलं नाही, पण असो, सोबत होईल.

६ डिसेंबर, शनिवार

आज इतकं लिहायचं आहे की पेन पुरत नाही.

सकाळच्या एसटीने निघालो. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळे गाडी रांगत होती. मी सगळी हत्यारं आणि दोन जादा एसएसडी घेऊन बसले होते. विटा आलं. अब्बा उतरलेच नाहीत.

"तुमचं काम?"

"येताना बघू," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

कडेगावात लालासाहेब स्टँडवर घ्यायला आले होते. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, मिशा अजून ड्यूटीवर. अब्बांना बघून म्हणाले, "या इलाहीभाई, लय नाव ऐकलंय." कुठून ऐकलं कुणास ठाऊक. मग माझ्याकडे वळून, "पोरी, आज निकाल लावायचा. एक तर त्यो ऱ्हाईल, न्हाईतर मी."

घरात गेले. टेबल खरंच होतं, चांगलं सागवानी. त्यावर अंथरलेली होती ती वाकळ. वाकळीच्या कुशीत लॅपटॉप. कडा दोन्ही बाजूंनी वर घेऊन नीट खोचलेल्या, बाळाला खोचतात तशा. आणि बनुबाई शेजारी बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

मी दारातच उभी राहिले. माझ्या स्टुलावर मी त्याच वाकळीवर बसले होते. ऊब किती आहे ते मी स्वतः लिहून ठेवलंय, मागच्या पानांत. डोळे होते कुठं माझे?

आणि मग मी मूर्खपणा केला. आनंदाच्या भरात ओरडले, "हे काढा आधी!" आणि वाकळ ओढली.

बनुबाईंचा चेहरा असा उतरला की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"म्या काय वाईट केलं गं?" त्या म्हणाल्या. "रोज सांजच्याला त्यात माझं पोरगं येतंय. बर्फात उभं असतंय. त्येला तर पांघरूण घालाय येत न्हाई मला इथनं. म्हनून ह्येला घातलं."

दीपमाला तिकडे तोंड करून पदराने डोळे पुसत होती. मी जाऊन बनुबाईंच्या पायाशी बसले आणि त्यांचा हात धरून लॅपटॉपच्या खालच्या बाजूला लावला.

"मावशी, बघा."

"चटका बसतूय की."

"ताप आलाय त्याला. ताप आला की हा स्वतःच काम हळू करतो, जळू नये म्हणून. म्हणून अडकत होता."

"त्यो ताप मला रोज लागायचा हाताला," बनुबाई म्हणाल्या. "म्हनून तर कडंनं खोचत हुते. ताप आला की पांघरूण घालत्यात. घाम आला की उतरतूय."

"मावशी, याला घाम येत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग लॅपटॉपकडे. मग आधी लालासाहेब हसले, त्यांच्यामागे अब्बा, मग दीपमाला, आणि शेवटी बनुबाई स्वतः अशा हसल्या की त्यांना ठसका लागला.

"आगं बया," त्या ठसकत म्हणाल्या, "घामच न्हाई व्हय मेल्याला. आन् मी कोंडून मारत हुते."

मग त्यांनीच वाकळ उचलली, झटकली, घडी केली. "खेळत्या पोरावर कोन वाकळ घालतंय?" म्हणाल्या. "खेळून दमला, निजला, की मग घालायची. व्हय गं, बंद केल्यावर घातली तर चालंल?"

"पूर्ण बंद केल्यावर चालेल," मी म्हणाले. त्यांच्याइतकं सरळ वाक्य मला दिवसभर विचार करून सुचलं नसतं.

पण नुसत्या टेबलावर ठेवायला त्यांचं मन घेईना. कठीण फळीवर उघडं लेकरू कसं टाकायचं? तेवढ्यात त्यांच्या तोंडून निघालं, "बाजंवर निजवू की. खालनं वारं लागतंय."

माझ्या अंगावर काटा आला. खालून वारा. मला नेमकं तेच हवं होतं.

लालासाहेब अडगळीतून बैठक गेलेलं एक स्टूल घेऊन आले. पाय कापून चार बोटं ठेवले. मग विणायला बसले, सुतळी घेऊन, फौजी पद्धतीने, म्हणजे करकचून. अब्बा बाजूला उभे राहून बघत होते. मग राहवेना.

"लालासाहेब, ताणा असा नाही धरायचा."

"इलाहीभाई, बाजा विणत मोठा झालोय मी."

"बाज माणसाची. ही बारीक जिवाची. भोकं सारखी पाहिजेत."

"मग या की, बसा."

दोघं समोरासमोर बसले. एकाची सुतळी आडवी, एकाची उभी. भांडत होते आणि विणत होते. अब्बांची बोटं मी किती दिवसांनी अशी चालताना पाहिली. माग विकले त्या दिवसापासून ते हात नुसते मांडीवर असायचे. मी चहाचा कप घेऊन तिथेच बसून राहिले, माझं काम विसरून.

बाज झाली. लॅपटॉप वर ठेवला. फिल्म बाहेर काढायला लावली. सगळे त्याच्याकडे असे बघत बसलो जसा परीक्षेचा निकाल लागणार आहे. पळाला, पळतच राहिला. दीपमालाने भाकरी थापायला घेतल्या आणि आम्ही जेवून उठायच्या आत फिल्म पूर्ण झाली. मी खालून हात लावला. कोमट.

मी दीपमालाला मिठी मारली. मला रडू आलं, ते लपवलं नाही.

परत येताना विटा आलं. अब्बांना आठवण करून दिली. म्हणाले, "कोण मागवाला?"

८ डिसेंबर, सोमवार

दीपमालाचा फोन, इतका लांब की कान तापला. काल आप्पासोंच्या अंगणात पडदा लावून फिल्म दाखवली. नवरी हसली, नवरीची आई रडली, आणि बिदाईच्या जागी जेवणाचा आचारी कढई तशीच टाकून बघायला आला. आणखी दोन लग्नं मिळाली आहेत.

सायंकाळी वीरधवल आला, म्हणजे पडद्यावर. तेव्हा बनुबाईंनी बारसंच उरकलं. लहानग्या बाजेवर लॅपटॉप, खाली शेजारणी, गूळ-खोबरं, आणि रीतसर कुणी घ्या, कुणी घ्या करून त्याला बाजेखालून वरून फिरवला. वीरधवल आतून ओरडत होता, "आई, मला गरगरतंय."

नाव ठेवलं हरण्या.

लालासाहेब म्हणाले, "आगं, बैलाचं नाव ठिवतीस व्हय?"

"पळनाऱ्याचं हेच नाव असतंय," बनुबाईंनी सांगून टाकलं.

११ डिसेंबर, गुरुवार

कडेगावहून एकदम तीन लॅपटॉप आले, एसटीच्या ड्रायव्हरकरवी, तिन्हींना वेगवेगळ्या वाकळी. प्रत्येकीत चिठ्ठी बनुबाईंच्या सांगण्यावरून: काम करताना काढावी.

अब्बा आज बाजारातून सुती नवार घेऊन आले. म्हणे घरातली खाट सैल झाली आहे. खाट दुरुस्त झालीच नाही, पण दुकानात चार छोट्या बाजा तयार आहेत. खालून बोट घालून बघतात, भोकं सारखी आहेत का. आता लॅपटॉपला कान लावत नाहीत, तळहात लावतात.

२२ डिसेंबर, सोमवार

गर्दी. जेवायला फुरसत नाही. अम्मी म्हणते, डायरी तरी बंद कर. काय लिहितेस गं, मला वाचून दाखव. म्हटलं, हिशेब आहे.

आसिफभाईला अजून उत्तर दिलेलं नाही. खरं तर स्वतःशी लावलेल्या पैजेचा निकाल लागला आहे. रोग सापडला. तरी सांगताना भीती वाटते, अब्बांना वाईट वाटेल. त्यांची एवढी इच्छा आहे मी पुण्याला जावं अशी.

३१ डिसेंबर, बुधवार

सकाळी अब्बांसमोर बसले. ते नवार ओढत होते. मी म्हणाले, "अब्बा, तुम्हाला आवडणार नाही, पण मी पुण्याला जात नाही. दुकान इथंच राहील."

त्यांनी हातातली नवार सोडली नाही. गाठ पुरी केली, ताण बघितला.

"बरं झालं," म्हणाले. "तो बोर्ड काढायचा म्हणजे भिंत फोडावी लागली असती. बोल्ट मी आरपार घातलेत. आतून वेल्डिंगही मारलंय."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते बाजेकडे बघत होते, पण कान लाल झाले होते. फ्लेक्सवाला उघडा होता, अब्बा. पहिल्या दिवशी मी स्वतः बघितला होता.

आसिफभाईला फोन लावला. तो हसायलाच लागला. म्हणाला, "मला अब्बांनी महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं, नोकरी दुसऱ्या कुणाला तरी दे म्हणून." सगळ्या जगाला ठाऊक होतं, एक मी सोडून.

संध्याकाळी कडेगावहून पुडकं आलं. बनुबाईंनी एक वाकळ पाठवली आहे. लॅपटॉपच्या मापाची नाही, माणसाच्या मापाची. मध्ये एक तुकडा पांढऱ्या सुताचा. अब्बांनी हात लावला आणि ओळखला. त्यांच्या मागावरचं कापड, कधीकाळी लालासाहेबांच्या घरी धोतर होऊन गेलेलं. सोबत चिठ्ठी दीपमालाच्या अक्षरात: आत्या म्हणतात, झोयाला सांग, कामाच्या वेळी काढायची. दमलीस, निजलीस, की घालायची.

दुकान बंद केलं. दमले आहे. घातली.